लिंबूटिंबू भाव खाऊन जातो तेव्हा

बेसबॉलचा संघ चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये बॅट तुमच्या हातात नसते. चेंडूही तुम्ही टाकत नाही. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाला कितव्या नंबरवर पाठवायचं, एवढंच तुमचं काम. सामना संगणक खेळतो आणि तुम्ही निकाल वाचता. ऐकायला रटाळ वाटेल, पण या निकालांपायी रात्री जागवणारे लोक जगभर आहेत. त्यांच्यात सर्वांत नावाजलेला गेम म्हणजे ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’. खेळ अमेरिकनांचा, पण गेम बनवला मार्कुस हाइन्झोन या जर्मन प्रोग्रॅमरने. पहिली आवृत्ती १९९९ची, आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी नवी निघते.

या गेममध्ये हजारो खेळाडू असतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असतो. बरेच जण तो २० ते ८० या मापात बघतात. अमेरिकेत गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींचं हे जुनं माप आहे. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू, ६० म्हणजे चांगला, ७० म्हणजे सितारा, आणि ८० म्हणजे पिढीतून एखादाच. ४०वाला कोणी जखमी झालं तर कामाला येतो, एरवी बाकावर बसून असतो.

आणि मग एखाद्या हंगामात हा ४०वाला सुटतो. लिंबूटिंबू म्हणून घेतलेला गडी जूनपर्यंत संघातला सर्वांत जोरात मारणारा बॅटर होऊन बसतो, आणि शेजारी ६५ आकड्याचा, भरपूर पगाराचा सितारा मात्र चाचपडत असतो. मॅनेजरच्या मनात लगेच दोन शंका येतात. गेमचं गणित कुठेतरी फसलंय, की आपल्या हाती चिंध्यांत गुंडाळलेलं सोनं लागलंय? बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. पण नेहमीच नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

हे आकडे काय काम करतात ते कळायला संगणकाच्या आधीचा गेम बघितलेला बरा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेल्या हॅल रिचमनने शाळकरी वयात फासे घेऊन बेसबॉलची जुळवाजुळव सुरू केली. त्यातून तयार झालेला ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ १९६१मध्ये बाजारात आला. प्रत्येक खेळाडूचं पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर तीन रकाने, प्रत्येक रकान्यात २ ते १२ अशा ओळी. तीन फासे एकदम टाकायचे, एक एकटा आणि दोन जोडीने. एकट्या फाशावर १, २ किंवा ३ पडलं तर बॅटरच्या कार्डावरचा तो रकाना बघायचा. ४, ५ किंवा ६ पडलं तर पिचरच्या कार्डावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. समजा बॅटरच्या पहिल्या रकान्यात ७समोर ‘होम रन’ छापलंय. एकट्या फाशावर १ पडण्याची शक्यता सहात एक, दोघांची बेरीज ७ होण्याची शक्यताही सहात एक, म्हणजे तो होम रन छत्तीस वेळांत एकदा येणार. तेच ‘होम रन’ १२समोर छापलं तर दोनशे सोळा वेळांत एकदा. एक शब्द पाच ओळी खाली सरकला की दांडगा बॅटर किरकोळ होतो.

या सगळ्या खटाटोपात खेळाडूच्या एकूण दर्जाचा आकडा कुठेच लागला नाही. संगणकातही तेच. ‘आउट ऑफ द पार्क’मध्ये बॅटरचे गुण सुटेसुटे मोजलेले असतात. बॅट चेंडूला लावण्याचं कसब वेगळं, चेंडू फिल्डरांच्या मधून पळवण्याची ताकद वेगळी, होम रनची वेगळी, वाईट चेंडू सोडून देण्याची नजर वेगळी, स्ट्राइकआउट टाळण्याची हातोटी वेगळी. शिवाय समोरचा पिचर डावखुरा की उजवा, याप्रमाणे हे गुण बदलतात. पिचरचंही असंच. सामना खेळवताना संगणक हे सुटे गुण घेतो, त्यांतून शक्यता काढतो आणि आपल्या पोटातले फासे टाकतो. नावापुढचा तो ठळक आकडा ही या गुणांची मॅनेजरच्या सोयीसाठी केलेली गोळाबेरीज आहे. ती मैदानात उतरत नाही.

या गोळाबेरजेत काय लपतं ते पुढे बघू. आधी नशिबाचा हिशेब करून टाकू, कारण अशा नवलांपैकी बहुतेकांचा उलगडा तिथेच होतो.

बेसबॉलची बॅटिंग सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. शंभर संधींत पंचवीस वेळा हिट मारली तर सरासरी ०.२५०, तीस वेळा मारली तर ०.३००. पहिला सर्वसाधारण बॅटर, दुसरा सितारा. फरक शंभरात फक्त पाच हिटचा. आता खरी कुवत ०.२५० असलेला राखीव बॅटर घ्या आणि त्याला शंभर संधी द्या. केवळ फासे बरे पडले म्हणून तो ०.३०० किंवा त्याहून जास्त मारून जाण्याची शक्यता साधारण सातात एक निघते. लीगमध्ये तीस संघ असतात. प्रत्येकाच्या बाकावर असे सात जण धरले तर दोनशे दहा झाले. त्यातले तीसेक जण कुठल्याही गुणाशिवाय, फुकटात, सितारे दिसणार. तुमच्या संघात त्यातला एखादा असणं हे नवल नाही. कोणाच्याच संघात नसता तर नवल होतं. हीच संधींची संख्या सहाशेवर न्या, म्हणजे पूर्ण हंगामभर. मग तोच पराक्रम तीन-चारशे जणांत एखाद्यालाच जमतो. म्हणून मे महिन्यात चमकणाऱ्याकडे आणि सप्टेंबरअखेरपर्यंत चमकत राहिलेल्याकडे एकाच नजरेने बघू नये.

खऱ्या बेसबॉलमध्ये याची उदाहरणं पैशाला पासरी आहेत. १९९८च्या हंगामात, मुख्यतः शेवटी शेवटी, न्यूयॉर्क यांकीजच्या शेन स्पेन्सरने ६७ संधींत १० होम रन ठोकले, सरासरी ०.३७३. मुळात त्याला खेळाडूंच्या निवडीत यांकीजनेच अठ्ठाविसाव्या फेरीत उचललं होतं. ते काही आठवडे न्यूयॉर्कला तो नवा देव वाटला. संपूर्ण कारकिर्दीची सरासरी शेवटी ०.२६२ भरली. त्याच्याही आधी, १९५७मध्ये मिलवॉकी ब्रेव्हजने जखमी खेळाडूच्या जागी बॉब हेझलला बोलावलं. ४१ सामन्यांत त्याने ०.४०३ची सरासरी काढली, लोकांनी त्याला ‘हरिकेन’ म्हटलं, संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. पुढच्या वर्षाअखेर तो मेजर लीगमधून कायमचा बाहेर होता.

पुठ्ठ्याच्या कार्डांच्या गेममध्ये अशा खेळाडूंनी भलतीच पंचाईत केली. कार्ड बनतं खऱ्या हंगामातल्या आकड्यांवरून. मग १३४ संधींत ०.४०३ मारणाऱ्याचं कार्ड हे महान बॅटरपेक्षाही भारी होणार, आणि धूर्त मॅनेजर त्याला पूर्ण हंगाम खेळवणार. नशिबाने घातलेलं दान छापलं गेलं की ते गुण होऊन बसतं! म्हणून हौशी लीगनी आपापले नियम केले: ज्याला खऱ्या हंगामात जेवढ्या संधी मिळाल्या, तेवढ्याच्या आसपासच इथे मिळतील.

मग चमकणाऱ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तरी किती? याचं सर्वांत देखणं उत्तर ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दिलं, आणि तेही बेसबॉलच्याच आकड्यांवर. त्यांनी १९७०च्या हंगामातले अठरा बॅटर घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी बघायच्या आणि उरलेल्या हंगामातली सरासरी ओळखायची. यादीत वर होता पिट्सबर्गचा रोबेर्टो क्लेमेंटे, ४५ संधींत १८ हिट, म्हणजे ०.४००. तळापासून दुसरा होता न्यूयॉर्क यांकीजचा नवखा कॅचर थर्मन मन्सन, ४५ संधींत ८ हिट, ०.१७८. अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५.

कोणीही सरळमार्गी माणूस म्हणेल की क्लेमेंटे पुढेही ०.४००च्या आसपास मारेल आणि मन्सन ०.१७८च्या. एफ्रॉन आणि मॉरिस म्हणाले, प्रत्येकाला सगळ्यांच्या सरासरीकडे ओढा, आणि थोडंथोडकं नव्हे, दणकून ओढा. सरासरीपासून कोणाचंही जेवढं अंतर असेल त्याचा साधारण पाचवा हिस्साच खरा माना. या हिशेबाने क्लेमेंटे आला ०.२९४वर आणि मन्सन गेला ०.२४७वर. पुढे घडलं ते असं: उरलेल्या हंगामात क्लेमेंटेने ०.३४६ मारले आणि मन्सनने ०.३१६. मन्सन त्या वर्षी अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला.

दोन्ही भाकितं हुकलीच की, असं म्हणाल तर बरोबर आहे. पण क्लेमेंटेच्या बाबतीत भोळं भाकीत आणि ओढलेलं भाकीत जवळपास सारखंच हुकलं, एक वरून आणि एक खालून. मन्सनच्या बाबतीत ओढलेल्या भाकिताची चूक भोळ्यापेक्षा निम्मीच भरली. आणि अठरा जणांच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली तर ओढलेली भाकितं तिपटीहून जास्त अचूक निघाली. क्लेमेंटे खरोखरच महान होता; त्याची पंधरा वर्षांची कारकीर्द डोळ्यांपुढे ठेवली असती तर त्याला कोणी ०.२९४पर्यंत ओढलं नसतं. या पद्धतीला ती कारकीर्द दिसत नव्हती, तिच्याकडे फक्त ४५ संधी होत्या.

गेमच्या मॅनेजरला मात्र ही जास्तीची माहिती आयती मिळते. प्रत्येक खेळाडूचे सुटे गुण समोर लिहिलेले असतात. म्हणून इथे ओढायचं ते सगळ्यांच्या सरासरीकडे नाही, त्या खेळाडूच्या स्वतःच्या गुणांकडे. ४०वाला दोन महिने ०.३२० मारतोय? त्याचे गुण म्हणतात ०.२४५. मग उद्याचा अंदाज ०.२६०च्या आसपास धरा आणि कोणी चांगला मोबदला देत असेल तर आजच विकून टाका. गेममध्ये ही चाल अनेकदा चालते, कारण समोरच्या संघाचा संगणकी मॅनेजर गुणांबरोबर चालू हंगामातल्या आकड्यांनाही काही वजन देतो.

पिचरच्या बाबतीत नशीब आणखी लबाड. २००१मध्ये व्होरॉस मॅक्रॅकन या हौशी अभ्यासकाने असं मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट ठरतो की बॅटर बाद होतो, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. स्ट्राइकआउट, वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा बेस) आणि होम रन हे त्याचे. बाकीचं फिल्डरांचं आणि दैवाचं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण पेड्रो मार्टिनेझसारख्या त्या काळच्या सर्वोत्तम पिचरचे आकडेही तेच सांगत होते. मैदानात पडलेल्या चेंडूंवरची हिटची सरासरी १९९९मध्ये लीगमधल्या अगदी वाईटांत, आणि लगेच २०००मध्ये अगदी उत्तमांत. माणूस तोच, हात तोच. आज पिचरची स्वस्तातली चमक पारखताना जाणते मॅनेजर आधी हाच आकडा बघतात.

इथपर्यंत गेम आणि खरं बेसबॉल सारखंच. पण गेममध्ये एक अशी सोय आहे जी खऱ्या मैदानात कोणत्याही पैशाने मिळणार नाही. स्पेन्सरचा तो सप्टेंबर एकदाच आला. तो पुन्हा खेळवून बघता येत नाही, त्यामुळे त्यात गुण किती आणि दैव किती यावर न्यूयॉर्कच्या बारमध्ये आजही वाद घालता येईल. गेममध्ये हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची फाइल जपून ठेवायची आणि हंगाम पुन्हा पुन्हा चालवायचा. फासे दरवेळी वेगळे पडतात, खेळाडूचे गुण तेच राहतात. पहिल्यांदा ०.३२० मारणारा तुमचा हिरो दुसऱ्यांदा ०.२३८, तिसऱ्यांदा ०.२५५, चौथ्यांदा ०.२४१ मारताना दिसतो आणि उत्साह निवतो. संख्याशास्त्राच्या वर्गात जे फळ्यावर पटत नाही ते इथे एका दुपारी पटतं. मला तर वाटतं, नशीब आणि कुवत यांच्यातला फरक शिकवायला महाविद्यालयांनी असा एखादा गेम प्रयोगशाळेत ठेवावा. मुलं तासाला बसतील तरी.

ऑनलाइन खेळताना मात्र फाइल जपण्याची सोय नसते. ‘आउट ऑफ द पार्क’मध्ये २०१८पासून ‘परफेक्ट टीम’ नावाचा प्रकार आहे. त्यात आजचे आणि इतिहासातले खेळाडू कार्डांच्या रूपात मिळतात, आकड्यांप्रमाणे (इथलं माप २० ते ८०चं नाही, वेगळं) लोखंड, ब्राँझ, चांदी, सोनं, हिरा अशा पायऱ्या, आणि लिलावात खरेदी-विक्री. इथे एकच हंगाम पुन्हा खेळवता येत नाही, पण एकच ब्राँझ कार्ड एकाच वेळी असंख्य संघांत खेळत असतं. काळात नाही तर अवकाशात, पण प्रयोग पुन्हा पुन्हा होतच असतो. तुमच्याकडे चमकणारं कार्ड बाकीच्यांकडेही चमकतंय का, एवढंच बघायचं.

आणि कधीकधी चमकतं. हंगाम कितीही वेळा चालवा, संघ कितीही बदला, हे कार्ड आपल्या आकड्याच्या वरच खेळत राहतं. नशिबाची चाळण लावून उरलेले हे मूठभर खेळाडू खरे लक्ष देण्याजोगे, आणि त्यांचं रहस्य त्या गोळाबेरजेत असतं. एकूण आकडा सांगतो की हा खेळाडू सर्वसाधारण मैदानावर, सर्वसाधारण संघात, डावखुऱ्या आणि उजव्या दोन्ही पिचरांपुढे रोज खेळला तर किती मोलाचा. तुम्हाला मात्र तो रोज खेळवायचाच नसतो.

एक कल्पित डावखुरा बॅटर घ्या. उजव्या पिचरपुढे तो शंभरात सदतीस वेळा बेसवर पोचतो, डावखुऱ्यापुढे पंचवीस वेळा. दुसऱ्या आकड्याने त्याची गोळाबेरीज खाली खेचली जाते आणि तो ४५वर येऊन बसतो. पण मेजर लीगमध्ये चारातल्या सुमारे तीन संधी उजव्या पिचरपुढे येतात. त्याला तेवढ्याच द्या आणि डावखुरा पिचर आला की त्याच्या जागी उलट्या गुणांचा दुसरा ४५वाला उभा करा. दोन स्वस्त खेळाडूंचा मिळून एक महागडा खेळाडू तयार होतो. बॉल्टिमोरचा मॅनेजर अर्ल वीव्हर याने हे ‘आउट ऑफ द पार्क’ निघण्याच्या कितीतरी आधी करून दाखवलं. १९८२मध्ये त्याच्याकडे डावखुरा जॉन लोवेन्स्टाइन आणि उजवा गॅरी रोनिकी होते. पहिल्याचे २४ होम रन, दुसऱ्याचे २१. वीव्हर कोणत्या बॅटरने कोणत्या पिचरला किती मारलंय याच्याही चिठ्ठ्या जवळ ठेवायचा. त्या चिठ्ठ्यांचं फार कौतुक झालं, पण एका पिचरपुढच्या दहा-पंधरा संधींवरून काढलेला निष्कर्ष बराचसा फाशांचाच खेळ असतो. आपल्याकडे आयपीएलच्या कॉमेंट्रीत ‘मॅच-अप’चा जो सारखा गजर चालतो त्यालाही हे लागू आहे. डावं-उजवं खरं, अमुक विरुद्ध तमुक, बहुतेकदा दैव.

मैदानाचंही थोडं असतं. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत ३१० फुटांवर, पण ३७ फूट उंच. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. गेममध्ये प्रत्येक मैदानाचे असे गुण डावखुऱ्या आणि उजव्या बॅटरांसाठी वेगळे भरलेले असतात. उंच झेल देणारा बॅटर योग्य मैदानावर नेऊन ठेवला की त्याचे झेल प्रेक्षकांत पडू लागतात.

सर्वांत मोठी गफलत जागेची. कॅचर म्हणून ज्याचा आकडा तळाला जातो, तोच फर्स्ट बेसवर कामाचा ठरू शकतो. स्कॉट हॅटेबर्गची गोष्ट हीच. बॉस्टनमध्ये तो कॅचर होता. कोपरातली नस दुखावली आणि चेंडू फेकणं संपलं. कॅचरला फेकता येत नसेल तर त्याची किंमत शून्य. ओकलंड अॅथलेटिक्सने त्याच्याकडे कॅचर म्हणून बघितलंच नाही. त्यांना दिसली ती वाईट चेंडू सोडून वॉक कमावण्याची त्याची सवय. त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं, जिथे फेकण्याची गरज कमी. २००२मध्ये तो शंभरात सदतीस वेळा बेसवर पोचला. ४ सप्टेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध ११–० अशी आघाडी घेऊन ओकलंडने ती घालवली, ११–११ झाले, आणि नवव्या इनिंगमध्ये बदली म्हणून आलेल्या हॅटेबर्गने होम रन मारून सलग विसावा विजय मिळवून दिला. गोष्ट त्या होम रनमुळे गाजली, पण ओकलंडची खरी कमाई वर्षभर मुकाट घेतलेल्या वॉकची होती.

ही कमाई फार दिवस स्वस्तात मिळाली नाही. २००३मध्ये ओकलंडवरचं ‘मनीबॉल’ पुस्तक आलं आणि सगळ्यांनाच वॉकची किंमत कळली. जान हेक्स आणि रेमंड सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६मध्ये पगारांचे आकडे तपासून दाखवलं की बेसवर पोचण्याच्या गुणाला आधी जो तोकडा मोबदला मिळत होता, तो २००४पर्यंत सुधारला होता. ‘परफेक्ट टीम’च्या लिलावात हेच चक्र काही आठवड्यांत फिरतं. एखादं ब्राँझ कार्ड आकड्यापेक्षा बरंच चांगलं खेळतंय ही बातमी पसरली की त्याचा भाव चढतो, आणि ज्याने ते आधी स्वस्तात उचललेलं असतं तो हसत विकतो. कार्डावरचा आकडा तेव्हाही ६४ असतो, नंतरही ६४च. पुढच्या वर्षी गेमची नवी आवृत्ती येते, जुनी कार्डं तिच्यात चालत नाहीत, आणि जमवलेला अख्खा संघ मागे ठेवून सगळे मॅनेजर पुन्हा लोखंड-ब्राँझच्या ढिगात हात घालतात.